दाचीगामचा ट्राउट

श्रीनगरच्या ईशान्येस हारवनचा जलाशय मागे टाकून दाचीगामच्या अरण्यात शिरावे आणि दगवान ओढ्याच्या काठाने वर चढू लागावे, म्हणजे त्या निर्मळ, वेगवान आणि बोटे बधिर करणाऱ्या पाण्यात, एखाद्या मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून जवळजवळ निश्चल राहिलेला, पिंगट पाठीचा आणि अंगावर काळे-तांबडे ठिपके असलेला ट्राउट दृष्टीस पडतो. आणि भोवतालची अक्रोडाची व विलोची दाट झाडी, वरच्या उतारांवरची देवदारवर्गीय वृक्षांची राई आणि तो मासा ही सर्व एकाच काळी, एकाच हाताने निर्माण केलेली असावीत, असे पाहणाराला सहजच वाटते. वस्तुस्थिती मात्र अशी आहे, की इ.स. १९००च्या अगोदर काश्मीरच्या एकाही ओढ्यात हा मासा नव्हता. सिंधू आणि गंगा यांच्या खोऱ्यांत, किंबहुना अखिल भारतवर्षात, ट्राउटच्या कुळातला एकही मासा निसर्गतः नांदत नव्हता. त्याचे मूळ वसतिस्थान युरोप आणि त्यास लागून असलेला आशियाचा थोडा पश्चिम भाग. हिमालयातले पाणी त्याला मानवणारे होते खरे, परंतु त्या पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी मैदानांतल्या उष्ण, गढूळ नद्यांतून जो मार्ग काढावा लागला असता, तो त्याच्या प्रकृतीला सर्वस्वी असाध्य होता.

या माशाच्या आगमनाची हकीकत सामान्यतः साहेबी छंदाची एक गमतीदार कथा म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. छंद हे निमित्त झाले. त्या निमित्ताने थंड पाण्याची जी राखण सुरू झाली, तिचा हा इतिहास आहे, आणि ती राखण ज्यांनी केली व तिची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची नोंद या इतिहासात हा मासा काश्मीरात आणविणाऱ्या मिचेलसाहेबाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत व्हावयास पाहिजे.

गळाने मासे धरणे हा राजेरजवाड्यांचा विनोद होऊ शकतो, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली, असे मानण्याचे कारण नाही. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा जो प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला, आणि जो पुढे बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने प्रसिद्ध केला, त्यातील विनोदांच्या प्रकरणांत मत्स्यविनोदालाही स्थान आहे. माशांचे प्रकार, त्यांना चारावयाचे खाद्य आणि गळाने त्यांना धरण्याची रीत या गोष्टी राजाने तेथे मोठ्या आस्थेने सांगितल्या आहेत. प्रख्यात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या भागाचा परामर्श घेऊन विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले. काश्मीरात तर माशाशी माणसाचे नाते याहूनही निराळे होते. मटणच्या पवित्र कुंडातल्या माशांना यात्रेकरू भाविकपणे खाद्य घालीत, आणि औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरला गेलेल्या बर्निये या फ्रेंच प्रवाशाने एका शाही बागेतील हौदात सोन्याची कडी घातलेले मासे असल्याचे लिहून ठेवले आहे. ती कडी नूरजहानने घातली, अशी त्या वेळी वदंता होती. उदरनिर्वाहाची मासेमारी चालत असे ती गाड-हांजी लोकांच्या जाळ्यांनी व भाल्यांनी, आणि त्यांच्या हाती लागत ते सत्तर गाड, चिररू, खोंट असे तेथलेच मासे.

पिसांची कृत्रिम माशी करून तिने मासा फसविण्याची विद्या मात्र युरोपातली. तिचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख एलियन या रोमन काळच्या ग्रीकभाषी ग्रंथकाराने, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी, केला आहे. मॅसिडोनियातील अॅस्ट्रेअस नदीवरचे कोळी गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून तिला कोंबड्याच्या मानेची दोन पिसे बांधीत आणि अंगावर ठिपके असलेले मासे धरीत, असे तो सांगतो. नदीवरची खरी माशी हातात धरली की तिचा रंग उतरतो व पंख मोडतात, म्हणून त्या लोकांनी ही युक्ती काढली, हे त्याने दिलेले कारण कोणालाही पटण्यासारखे आहे. इंग्लंडात १४९६ साली या विषयावरचा पहिला छापील निबंध निघाला, त्यात बारा माश्यांचे वर्णन होते. आयझॅक वॉल्टनचा जगप्रसिद्ध ग्रंथ १६५३चा, आणि त्यास चार्ल्स कॉटनने स्वच्छ वाहत्या पाण्यात माशीने ट्राउट कसा धरावा याविषयीचा भाग जोडला तो १६७६ साली. एकोणिसाव्या शतकात या छंदाला शास्त्राचे, आणि काही मंडळींच्या हाती तर जवळजवळ कर्मकांडाचे, स्वरूप आले. माशी पाण्यावर कोरडी तरंगलीच पाहिजे की बुडाली तरी चालेल, यावर हॅल्फर्ड आणि स्क्यूज या लेखकांच्या अनुयायांत जे वाद झाले, त्यांच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

परंतु या परदेशी विद्येच्या साहित्यात आपल्या मुलखाचा वाटा किती मोठा होता, हे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. माशीला स्वतःचे वजन असे नसतेच. दगड भिरकवावा तशी ती फेकता येत नाही. वजन असते ते दोरीला, आणि ती दोरी हवेत मागे-पुढे लांबवून अखेरीस पाण्यावर अलगद पसरविण्यासाठी काठी लवचीक, हलकी आणि तरीही चिवट असावी लागते. अशी काठी करण्याची उत्तम रीत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झाली. बांबू उभा चिरून त्याच्या निमुळत्या पट्ट्या तासावयाच्या आणि बाहेरची कठीण पाठ बाहेरच राहील अशा बेताने त्या सरसाने एकत्र जोडावयाच्या. हा बांबू कलकत्ता बंदरातून जात असे, आणि जवळजवळ अर्धे शतक अमेरिकेतील नामांकित कारागिरांच्या कारखान्यांत 'कलकत्ता बांबू' याच नावाने तो ओळखला जाई. त्याच्या पेरांवर भाजल्याचे काळे डाग असत व ते टाळून पट्ट्या काढताना कारागिरांची पुरेवाट होई. पुढे चीनच्या दक्षिण भागातला बांबू आला आणि कलकत्त्याचा व्यापार बसला. दोरी रेशमाची, तिला चरबी चोळलेली; दोरीचे टोक आणि माशी यांना जोडणारी अदृश्यप्राय तात रेशमाच्या किड्याच्या पोटातील ग्रंथीपासून ताणून काढलेली, आणि ती येई स्पेनमधील मुर्सियाहून.

माशीत तर सह्याद्रीच आहे. आपल्या घाटातल्या करवंदीच्या जाळ्यांतून पहाटेस जो राखी रानकोंबडा आरवतो, त्याच्या नराच्या मानेवरचे एखादे पीस उजेडात धरून पाहावे. राखाडी-काळ्या पिसाच्या मधल्या काडीवर ठरावीक अंतराने पांढरट ठिपके असतात, आणि टोकाशी काडी रुंद होऊन मेणासारखा चकचकीत, पिवळसर, नखाएवढा कठीण ठिपका तयार झालेला असतो. पाण्यात भिजूनही त्याची चकाकी जात नाही. लहान माशाच्या डोळ्याचा आभास निर्माण करण्यासाठी इंग्लंड-स्कॉटलंडच्या कारागिरांना याहून सरस वस्तू मिळाली नाही, आणि म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या काळातील कितीतरी नामांकित माश्यांच्या गालांवर आपल्या रानकोंबड्याची पिसे बांधलेली दिसतात. मोराच्या पिसाऱ्यातील हिरव्या-तांबूस झाकेचे केसर हेही असेच. 'कोचमन' या सुप्रसिद्ध माशीचे सारे अंग त्याचेच असते. पिसांसाठी पक्ष्यांची कत्तल होऊ लागली तेव्हा हिंदुस्थान सरकारने १९०२ साली वन्य पक्ष्यांची पिसे परदेशी पाठविण्यास मनाई केली. पुढे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्याच्या शिकारीलाही पायबंद घातला. योग्यच झाले. माशी बांधणाऱ्याला पर्यायी पिसे मिळू शकतात. रानकोंबड्याला दुसरी मान मिळत नाही.

आता माशीकडून माशाकडे वळू. ट्राउट जिवंत नेणे दुष्कर, परंतु त्याची अंडी नेता येतात, आणि तीही केवळ एका विशिष्ट अवस्थेत. वाटाण्याहून थोडे लहान, नारिंगी झाक असलेले हे अंडे प्रथम इतके नाजूक असते की थोड्याशा हिसक्याने ते मरून पांढरे पडते. मात्र आतल्या गर्भाचे दोन काळे डोळे कवचातून स्पष्ट दिसू लागले, म्हणजे ते प्रवासाला योग्य होते. पाणी दहा अंशांचे असेल तर सुमारे दीड महिन्यात आणि पाच अंशांचे असेल तर तीन महिन्यांच्या आसपास पिल्लू बाहेर येते. थंडीने काळ लांबविता येतो, या एका गोष्टीवर सारा व्यवहार उभा राहिला. ओल्या शेवाळात अंडी घालून पेट्या बर्फाच्या ढिगात पुरावयाच्या, ही युक्ती वापरून १८६४ साली 'नॉरफोक' नावाच्या जहाजातून सामन माशाची व त्याबरोबर थोडी ट्राउटची अंडी विषुववृत्त ओलांडून टास्मानियाला पोहोचली, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात दक्षिण गोलार्धातला पहिला ट्राउट जन्मला. हिंदुस्थानात त्याच दशकात मद्रास इलाख्यातील फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टराने, ज्याचा हिंदुस्थानातील माशांवरचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो, निलगिरीसाठी खटपट केली. ती फळास आली नाही.

काश्मीरात जे घडले त्यामागे एका बुडालेल्या धंद्याची पार्श्वभूमी आहे. काश्मिरी शालीची मोठी पेठ फ्रान्समध्ये होती. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने ती मोडली, आणि पाठोपाठ आलेल्या भीषण दुष्काळाने विणकरांची उरलीसुरली घरेही ओस पाडली. शालींचे माग थंडावल्यावर काही युरोपीय व्यापाऱ्यांनी त्याच कारागिरांच्या हातून गालिचे विणवून घेण्याचे कारखाने श्रीनगरात काढले. फ्रँक मिचेल हा त्यांपैकी एक. त्याने महाराजा प्रतापसिंहांच्या दरबारात खटपट करून ट्राउटचा प्रयोग मान्य करविला. इंग्लंडातून ड्यूक ऑफ बेडफर्ड याने दहा हजार अंडी १८९९ साली भेटीदाखल पाठविली, ती वाटेतच नासली. त्या काळी काश्मीरचा मार्ग म्हणजे आधी समुद्र, मग पंजाबपर्यंत आगगाडी, आणि रावळपिंडीहून पुढे झेलमच्या खोऱ्यातील गाडीरस्त्याने टांग्याचा कित्येक मुक्कामांचा प्रवास. कोणत्याही एका टप्प्यावर बर्फ कमी पडला की सर्व श्रम वाया. प्रयत्न सोडण्यात आला नाही. दुसरी पेटी स्कॉटलंडहून निघाली आणि १९००च्या डिसेंबरात श्रीनगरला सुखरूप पोहोचली. त्यातली काही पिल्ले मिचेलच्या गालिच्यांच्या कारखान्यात आणि काही दाचीगामच्या बाजूस वाढविण्यात आली. गालिच्यांच्या मागांशेजारी वाहत्या पाण्याच्या हौदात ही पिल्ले वाढली, आणि त्यांच्याच वंशजांनी पुढे खोऱ्यातले ओढे भरून गेले. हारवनला उबवणी केंद्र झाले. १९०३च्या सुमारास दरबाराने मत्स्यखाते उघडले व मिचेलकडेच त्याची धुरा सोपविली.

येथपर्यंतचा भाग सर्वश्रुत आहे. ज्याविषयी कमी लिहिले जाते ते हे, की पाण्यात पिल्ले सोडल्याने मासा रानटी होत नाही. त्यासाठी पाणी राखावे लागते. दाचीगाम हे नावच तेथून उठविण्यात आलेल्या दहा गावांची आठवण सांगते. श्रीनगरच्या पिण्याच्या पाण्याचा उगम निर्मळ राहावा आणि महाराजांच्या शिकारीची रख, म्हणजे राखीव रान, सुरक्षित राहावी, या दुहेरी हेतूने ती गावे हलविण्यात आली आणि १९१०च्या सुमारास त्या प्रदेशाचा बंदोबस्त झाला. गुरे चारण्याची, लाकूड तोडण्याची, ओढ्यात जाळे टाकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट हुकमाच्या एका फटक्यासरशी बंद पडली. त्या बंदीचा लाभ हांगुल हरणाला झाला, श्रीनगरच्या नळांना झाला, ट्राउटला झाला. ज्यांची शेते गेली त्यांना झाला नाही. हा हिशेब इतिहासकाराने उघडपणे मांडला पाहिजे. तरीही, त्या राखणीवाचून तो ओढा आज जसा आहे तसा राहिला नसता, हेही तितकेच सत्य आहे, आणि या दोन सत्यांपैकी एकाच्या आड दुसरे लपविणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

खोऱ्यातील इतर ओढ्यांवर, म्हणजे लिद्दर, सिंध, ब्रिंगी आदी पाण्यांवर, निराळी व्यवस्था बसली. प्रत्येक ओढ्याचे 'बीट', म्हणजे ठरावीक टप्पे, पाडण्यात आले, प्रत्येक बिटासाठी परवाना, परवान्यावर दिवसाकाठी धरावयाच्या माशांची मर्यादा, कित्येक पाण्यांत माशीखेरीज अन्य आमिषास मनाई, आणि हंगाम एप्रिलपासून सप्टेंबरअखेर. शरद ऋतू लागला की मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी वाळूगोट्यांत खळगा करून अंडी घालण्याच्या तयारीला लागते, म्हणून हंगामाची ती सीमा. ही कलमे कागदावर दरबारी दफ्तराने लिहिली; ती ओढ्यावर अमलात आणली ती ज्यांची नावे कोणत्याही दफ्तरात ठळकपणे आढळत नाहीत अशा राखणदारांनी. हिवाळ्यात उबवणीच्या थाळ्यांतून मेलेले पांढरे अंडे चिमट्याने रोज वेचून काढणे, कारण त्यावरची बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांना ग्रासते. थाळ्यांवरून जाणारे पाणी रात्री गोठू न देणे. उन्हाळ्यात चोरट्या जाळ्यांवर पाळत ठेवणे, ही त्यांची कामे. साहेबाबरोबर जाणारा काश्मिरी शिकारी तर या विद्येत लवकरच साहेबाचा गुरू झाला. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून त्याच्या पाठीमागून, खालून वर, आपली सावली पाण्यावर पडू न देता चढावे. झाडी इतकी दाट असेल की दोरी मागे फेकताच फांद्यांत अडकेल, तेथे ती मागे नेऊच नये, पाण्यावरूनच वळसा देऊन पुढे उलगडावी. धोंड्याच्या बाजूचे वेगवान पाणी आणि मागचे संथ पाणी यांच्या शिवेवर माशी टाकावी आणि दोरीची ओढ तिला लागू न देता तिला पाण्याच्या गतीनेच वाहू द्यावे, कारण ज्या इवल्याशा किड्याचे ती सोंग घेते, तो प्रवाहाविरुद्ध कधी जात नाही. तो किडा बहुधा वर्षभर गोट्याखाली अंधारात वाढतो आणि पंख फुटल्यावर एक-दोन दिवसच जगतो. कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, कोणत्या वळणावर तो उडतो, हे ज्ञान पुस्तकातले नव्हते. ते त्या पाण्याच्या काठी जन्मलेल्या माणसांचे होते.

काश्मीरची अंडी पुढे हिमालयात इतरत्र गेली. हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने १९०९ साली कुलूत महिली येथे केंद्र काढून बियासच्या वरच्या पाण्यात ट्राउट सोडला. टिहरी संस्थानानेही गढवालच्या ओढ्यांत व दोडीतालच्या सरोवरात तो नेला. निलगिरीत अखेर १९०७ नंतर यश आले, ते मात्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील इंद्रधनुषी ट्राउटचे. स्वातंत्र्यानंतर राजेशाही खाते लोकशासनाचे झाले, परवान्याचे हक्क सर्वांना खुले झाले, आणि १९८४ साली युरोपीय आर्थिक समुदायाच्या साहाय्याने कोकरनागच्या झऱ्यावर मोठे मत्स्यक्षेत्र उभे राहिले. त्यामुळे जो मासा एके काळी दरबाराच्या पाहुण्यांसाठी राखीव होता, त्याच्या पालनावर आज खोऱ्यातील अनेक शेतकऱ्यांचा उदरनिर्वाह चालतो. माझ्या दृष्टीने हे या इतिहासाचे सर्वांत समाधानकारक प्रकरण आहे.

उणे आहे ते निराळ्या बाजूला. ट्राउट मांसाहारी आहे. जलकीटकांबरोबर तो दुसऱ्या माशांची पिल्लेही खातो, आणि गोट्यांवरचे शेवाळ खाणाऱ्या तेथल्या मूळच्या माशांना या बलिष्ठ पाहुण्यापुढे बऱ्याच ओढ्यांत मागे सरावे लागले. परक्यासाठी खाते निघाले, हंगाम ठरला, राखणदार नेमले गेले. सत्तर गाड आणि चिररू यांच्या वाट्याला अशी आस्था त्या काळी आली नाही, वास्तविक गाड-हांजी कुटुंबांचे अन्न म्हणजे तेच मासे होते. ट्राउटला आता हद्दपार करणे शक्य नाही आणि, शंभराहून अधिक वर्षांच्या सहवासानंतर, इष्टही नाही. परंतु त्याच्यासाठी जी शिस्त निर्माण झाली, ती मूळच्या माशांना तितक्याच कठोरपणे लागू करणे हे आपले कर्तव्य आहे.

दरवर्षी उन्हाळ्यात महाराष्ट्रातून हजारो कुटुंबे काश्मीरला जातात आणि त्यांतील बहुतेक लिद्दरच्या काठी पहलगामला मुक्काम करतात. त्यांनी वाटेत अचबलच्या मोगल बागेशी थोडा वेळ काढावा. बागेला लागूनच ट्राउटचे उबवणी केंद्र आहे, आणि बागेच्या झऱ्याचेच पाणी त्याला मिळते. आणि लिद्दरवर पोहोचल्यावर एवढे ध्यानात ठेवावे, की पाणी वीस अंशांच्या पुढे तापले की ट्राउट अन्न सोडू लागतो, गोट्यांवर घाण साचली की त्याची अंडी गुदमरतात, आणि हीच गोष्ट थोड्याफार फरकाने तेथल्या मूळच्या माशांनाही लागू आहे. म्हणून त्या पात्रात कागद, बाटली वा खरकटे, काहीही टाकू नये, आणि आपल्याबरोबरच्या मुलांनाही टाकू देऊ नये.